वेबसाइट तुमची, पण फाईल कुणाची? नो-कोड संकेतस्थळांच्या बॅकअपचा छोटा इतिहास

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातले संदर्भ एकेक करून तपासत बसले होते. माझा विषय कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींचा. त्यात ११ ठिकाणी मी आमच्याच लॅबमधल्या एका सीनियर ताईंच्या संकेतस्थळाचा संदर्भ दिला होता. कुठला सडा, कुठली तारीख, कुठली वनस्पती, तिचा फोटो, असं सगळं तिथे नीट लावलेलं होतं. पहिल्या दुव्यावर क्लिक केलं, तर पान नाही. दुसरा, तिसरा, तेच. नुसता एक कोरा निरोप: या पत्त्यावर सध्या काहीही नाही.

ताईंना फोन लावला. त्या आता परदेशात पोस्ट-डॉक करतात. म्हणाल्या, "अगं, प्लॅन संपला असेल. ते माझं जुनं कार्ड बंद झालं ना." हे संकेतस्थळ त्यांनी एका नो-कोड बिल्डरवर बनवलं होतं, म्हणजे चौकटी ओढायच्या, सोडायच्या, फोटो टाकायचे, की झालं. लेखी मजकूर त्यांच्याकडे वर्डमध्ये होता. फोटोही एका हार्ड डिस्कवर होते, पण कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकांच्या नावांनी. कुठला फोटो कुठल्या सड्यावरचा आणि कुठल्या दिवशीचा, ही जोडणी त्यांनी थेट बिल्डरच्या तक्त्यात भरली होती. ती दुसरीकडे कुठेच नव्हती.

सरांनी मला विचारलं, "बॅकअप का नाही घेतला?" मला वाटलं, विसरल्या असतील. पण या विषयावर वाचत गेले तसं लक्षात आलं की बॅकअप घ्यायचा म्हणजे नक्की कशाची प्रत करायची, हेच गेल्या तीसेक वर्षांत बदलत गेलंय. आज तोच प्रवास तुम्हाला सांगते. तुम्ही पीएचडीला नाव नोंदवणार असाल, प्रकल्पाचं संकेतस्थळ बनवणार असाल किंवा दुसऱ्याच्या संकेतस्थळाचा संदर्भ देणार असाल, तर हा इतिहास उपयोगी पडेल.

आधी दोन शब्दांतला फरक पाहू. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी परत लावली की गोष्ट पूर्वीसारखी चालू होते. एक्स्पोर्ट म्हणजे आतलं सामान बाहेर काढून दुसऱ्या कुणाला वाचता येईल अशा स्वरूपात देणं. एक्स्पोर्ट हे एका अर्थी भाषांतर असतं आणि भाषांतरात काही ना काही गळतं. सुरुवातीच्या वेबवर या दोन गोष्टी जवळपास एकच होत्या. पुढे त्या वेगळ्या झाल्या.

जेव्हा फाईल म्हणजेच वेबसाइट होती

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या प्रयोगशाळेत पहिला वेब ब्राउझर लिहिला. गंमत म्हणजे तो नुसता पानं दाखवणारा नव्हता, त्यातच पान लिहिता आणि बदलताही येत असे. म्हणजे समोर दिसतं तेच संपादित करायचं, ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. नो-कोड हे काही गेल्या दहा वर्षांतलं खूळ नाही.

तेव्हाचं पान म्हणजे एक साधी मजकुराची फाईल. तिची प्रत काढली की झाला बॅकअप. तरीही जगातल्या पहिल्याच संकेतस्थळाच्या बाबतीत काय झालं पाहा. पानं बदलत गेली, जुन्यावरच नवं लिहिलं गेलं. २०१३ साली सर्नने ते पहिलं संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभं केलं, तेव्हा आधाराला १९९२ सालची प्रत घ्यावी लागली. फाईल जपायला सोपी होती, पण ती जपायला हवी हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ही मानवी चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आपल्या सोबत आहे, हे लक्षात ठेवा.

१९९४ साली अमेरिकेत डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी एक सेवा सुरू केली. तिचं नाव पुढे जिओसिटीज झालं. कुणीही यावं, फुकटात जागा घ्यावी आणि आपलं पान बांधावं. हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली, अथेन्स अशा नावांच्या 'वस्त्या' होत्या आणि तुमच्या पानाला त्या वस्तीतला घर क्रमांक मिळायचा. कोड येत नसेल तर पान बांधून देणारी साधनंही होती. याहूने १९९९ साली ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. जपानमधली शाखा तेवढी ३१ मार्च २०१९ पर्यंत चालली.

बंद होण्याची बातमी आली तेव्हा जेसन स्कॉट आणि 'आर्काइव्ह टीम' नावाचा स्वयंसेवकांचा गट कामाला लागला. त्यांनी जमेल तितकी पानं उतरवून घेतली आणि २०१० साली ती सगळ्यांसाठी खुली केली. दाबून बसवलेली असूनही ती प्रत ६०० गिगाबाइटहून मोठी होती. ओल्या लियालिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या दोन कलावंत-अभ्यासकांनी त्याच साठ्यावर पुढे संशोधन केलं. त्या काळातली साधी माणसं आपली पानं कशी सजवायची, हे आज आपल्याला त्यातून कळतं.

आता संशोधकाच्या नजरेने एक प्रश्न विचारा. लाखो अनोळखी लोकांची पानं बाहेरच्या माणसांना, मालकाला न विचारता, उतरवता आली ती कशी? कारण ती पानं फाईली होती. पत्ता उघडायचा, आलेली फाईल साठवायची, तिच्यातल्या दुव्यांवर जायचं, पुन्हा साठवायचं. हेच काम करणारा डब्ल्यूगेट नावाचा प्रोग्रॅम १९९६ पासून होता आणि एचटीट्रॅक १९९८ पासून. जिओसिटीजचा मालक बेफिकीर होता, पण तिची रचना प्रत काढू देणारी होती.

पहिली चीर: अर्धं इथे, अर्धं तिथे

१९९५ साली व्हर्मीअर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने फ्रंटपेज बाजारात आणलं. १९९६ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पुढे कित्येक महाविद्यालयांची आणि छोट्या कचेऱ्यांची पहिली संकेतस्थळं यात बनली. वर्डमध्ये लिहितो तसं लिहायचं, की पान तयार. सगळ्या फाईली तुमच्याच संगणकावर. वरवर पाहता बॅकअपचा प्रश्नच नाही.

पण फ्रंटपेजमध्ये काही तयार तुकडे मिळायचे: भेटींचा आकडा मोजणारा काउंटर, शोधाची चौकट, माहिती भरून घेणारा फॉर्म. हे तुकडे चालायचे ते सर्व्हरवर 'फ्रंटपेज सर्व्हर एक्स्टेन्शन्स' बसवलेली असतील तरच. ते नसलेल्या सर्व्हरवर तुम्ही सगळ्या फाईली जशाच्या तशा नेल्यात, तरी पान दिसायचं आणि फॉर्म मात्र मुका व्हायचा.

माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हे आहे. इथे पहिल्यांदा पान आणि पानाचं वागणं या दोन गोष्टी वेगळ्या जागी राहायला गेल्या. बनवणाऱ्याला ते दिसतही नव्हतं, कारण ते लपवणं हेच तर त्या साधनाचं काम होतं. साधन जितकं सोपं, तितकं त्याने तुमच्यापासून काही झाकलेलं असतं. आणि जे झाकलेलं आहे, त्याची प्रत काढायची आठवण तुम्हाला कशी होणार?

ॲपलचं आयवेब (२००६) हे याचंच पुढचं रूप. प्रकल्पाची फाईल तुमच्या मॅकवर, पानं फोल्डरमध्ये काढायची सोयही होती. पण ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया, भेटींचा काउंटर हे ॲपलच्या सेवेवर अवलंबून होतं. ती मोबाइलमी सेवा ३० जून २०१२ रोजी बंद झाली. पानं दुसरीकडे नेता आली, प्रतिक्रिया गेल्या. अडोबी म्यूजची गोष्ट थोडी निराळी. त्यातून एचटीएमएल पानं निघायची, पण मूळ प्रकल्पाची फाईल म्यूजशिवाय उघडत नसे. २६ मार्च २०२० रोजी अडोबीने त्याला आधार देणं थांबवलं. निघालेली पानं चालत राहिली, पण यंत्राने लिहिलेला तो कोड हाताने सुधारायचा म्हणजे डोकेदुखी. थोडक्यात, प्रत आहे पण ती गोठलेली.

पान नाहीसं झालं, तक्ता उरला

दुसरा प्रवाह ब्लॉगचा. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली. सुरुवातीची तिची पद्धत आज ऐकली तर नवल वाटेल. तुम्ही लिहायचं ब्लॉगरवर, पण ब्लॉगर तयार झालेली पानं एफटीपीने तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर पोहोचवायचा. म्हणजे लेखनाचं टेबल त्यांचं, घर तुमचं. गूगलने ही सेवा २००३ साली घेतली आणि १ मे २०१० पासून एफटीपीची ही सोय बंद केली. तेव्हापासून टेबल आणि घर दोन्ही एकाच मालकाचं झालं.

या काळात आणखी एक बदल पक्का झाला. पान म्हणून कुठे फाईल ठेवलेलीच नसते. मजकूर डेटाबेसच्या तक्त्यात असतो, मांडणीचा साचा वेगळा असतो आणि वाचक आला की दोन्ही जोडून पान तिथल्या तिथे तयार होतं. २००३ साली सुरू झालेलं वर्डप्रेस असंच चालतं. ते मुक्त स्रोत असल्यामुळे, स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर डेटाबेस आणि फोल्डर दोन्ही उचलून नेता येतात. हा खराखुरा बॅकअप.

पण एक्स्पोर्टचं बटण वेगळं काम करतं, आणि इथे बरेच जण फसतात. वर्डप्रेसच्या एक्स्पोर्टमधून जी एक्सएमएल फाईल मिळते, तिच्यात लेख, पानं, प्रतिक्रिया, वर्ग असतात. फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. नव्या ठिकाणी ती फाईल लावली की नवी वेबसाइट त्या जुन्या पत्त्यावर जाऊन फोटो आणते. म्हणजे जुनं घर अजून उभं असेल तरच सामान मिळणार. जुनी वेबसाइट बंद पडल्यावर उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली ही फाईल नेमकी तेव्हाच अर्धी निघते! ज्यांच्या प्रकल्पात फोटो हाच पुरावा आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वर्डप्रेसवर बसवायचे पेज बिल्डर आले तेव्हा आणखी एक थर चढला. काही बिल्डर तुमच्या मजकुरात चौकटी कंसातली खुणांची भाषा पेरून ठेवतात. बिल्डर काढून टाकलात की पानावर मजकुराऐवजी कंसच कंस दिसतात. २०१८ च्या शेवटी वर्डप्रेसने स्वतःचा ब्लॉक संपादक आणला. त्यात रचनेच्या खुणा एचटीएमएलच्या शेऱ्यांमध्ये ठेवल्या जातात आणि संपादक नसला तरी निदान मजकूर वाचता येतो. छोटासाच निर्णय, पण प्रत काढणाऱ्याच्या बाजूचा.

ओढा, सोडा, आणि दार

आज आपण ज्यांना नो-कोड बिल्डर म्हणतो त्यातले ठळक सगळे २००३ ते २०१३ या दहा वर्षांतले आहेत. स्क्वेअरस्पेस २००३ चं, विक्स आणि वीबली २००६ चे, बबल २०१२ चं, वेबफ्लो २०१३ चं. प्रत्येकाने बाहेर पडायचं दार वेगवेगळ्या आकाराचं ठेवलं.

वीबलीत संकेतस्थळाची झिप फाईल मागवता येत असे. स्क्वेअरस्पेस वर्डप्रेसला समजेल अशी एक्सएमएल फाईल देतं, पण कार्यक्रमांची पानं, अल्बमची पानं, मांडणीत केलेले बदल तिच्यात येत नाहीत. वेबफ्लो पैसे भरणाऱ्यांना एचटीएमएल, सीएसएस आणि चित्रं अशी नीटस झिप देतं, मात्र तक्त्यातला मजकूर वेगळ्या सीएसव्ही फाईलमध्ये काढावा लागतो आणि फॉर्म व शोध बाहेर चालत नाहीत. पंचवीसएक वर्षांपूर्वीचा फ्रंटपेजचा मुका फॉर्म आठवला ना? तोच हा. विक्स स्पष्टच सांगतं की त्यांच्या संपादकात बनवलेलं संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. तक्त्यांमधला डेटा तेवढा सीएसव्हीत निघतो. बबलमध्ये बनवलेल्या ॲपचंही तसंच, डेटा निघतो, पण ॲप दुसरीकडे चालवता येईल असा कोड मिळत नाही.

यात कंपन्यांचा स्वार्थ आहे का? आहेच, गिऱ्हाईक टिकवायला कुणाला आवडत नाही! पण सगळं खापर त्यावर फोडणं शास्त्रीय ठरणार नाही. या बिल्डरमध्ये तुम्ही एक चौकट ओढता तेव्हा एचटीएमएल लिहिलं जात नाही. 'इथे फोटोंची माळ, तिचा स्रोत अमुक तक्ता, गाळणी तारखेनुसार' अशी एक नोंद त्यांच्या यंत्रणेत होते. ती नोंद वाचून पान रंगवणारं इंजिन कंपनीकडे असतं. नोंद तुमच्या हातात दिली तरी इंजिनाशिवाय तिचा उपयोग काय? म्हणून एक्स्पोर्टमधून जे मिळतं ते नेहमी तीनपैकी काहीतरी एक असतं: मजकूर, तक्ता, किंवा पानाचं त्या क्षणीचं दिसणं. तिघांना बांधणारी दोरी मागेच राहते.

आमच्या ताईंचं तेच गेलं. शब्द आहेत, फोटो आहेत. दोरी गेली.

आपल्या मराठी वाचकांना याचं एक घरचं उदाहरण चांगलं माहीत असेल. युनिकोड रुळायच्या आधी मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरायची. त्या काळातलं पान कुणी जपून साठवलं असेल आणि आज तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाईल शाबूत आहे, एक बाइटही हरवलेला नाही. हरवलंय ते कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर हे सांगणारं कोष्टक. म्हणून सांगते, प्रत असणं आणि ती वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाहेरून जपणारे कुठे थांबतात

तुम्ही म्हणाल, वेबॅक मशीन आहे की! ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली इंटरनेट आर्काइव्ह स्थापन केलं आणि २००१ पासून वेबॅक मशीन सगळ्यांसाठी खुलं आहे. मीही तिथेच धावले. ताईंच्या संकेतस्थळाचं पहिलं पान मिळालं. त्यावरचं शीर्षक, प्रस्तावना, मेनू, सगळं होतं. 'नोंदी पाहा' यावर क्लिक केलं आणि एक गोल चक्र फिरत राहिलं.

कारण सोपं आहे. जिओसिटीजच्या पानात मजकूर पानातच लिहिलेला असायचा. या पानात मजकूर नव्हताच. जावास्क्रिप्टचा एक तुकडा होता, जो वाचकाने बटण दाबल्यावर कंपनीच्या सर्व्हरकडे डेटा मागायचा. वेबॅकच्या यंत्राने पान साठवलं, पण ते बटण कुणी दाबलंच नव्हतं, त्यामुळे डेटाही कधी आला नाही. जिओसिटीज वाचवणारी पद्धत इथे हात टेकते.

यावर उपायही निघाले. वेब जपण्यासाठीचं वार्क हे फाईलचं स्वरूप २००९ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं. त्यात नुसती पानं नसतात, ब्राउझरने काय मागितलं आणि सर्व्हरने काय दिलं हा सगळा संवाद नोंदवलेला असतो. इल्या क्रेमर यांच्या वेबरेकॉर्डर प्रकल्पाने यावर ब्राउझरमधूनच चालणारी साधनं बनवली. तुम्ही संकेतस्थळावर हिंडायचं, बटणं दाबायची, गाळण्या लावायच्या. त्या वेळी जे जे आलं ते सगळं रेकॉर्ड होतं आणि नंतर परत 'चालवून' पाहता येतं. मर्यादा एवढीच की जे बटण तुम्ही दाबलं नाही, ते रेकॉर्डमध्ये नाही.

कायद्याचं काय? युरोपीय संघाच्या जीडीपीआर नियमावलीने २०१८ पासून, कलम २० अन्वये, स्वतः दिलेला वैयक्तिक डेटा यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात परत मागायचा हक्क दिला. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता, पण २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो ठेवलेला नाही. आणि युरोपातलाही हक्क व्यक्तीच्या डेटापुरता आहे. सड्यावरच्या वनस्पतींची यादी आणि तिची मांडणी त्यात बसवणं अवघडच. तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नका.

हे सगळं तुमच्या प्रबंधाशी कसं जोडलंय

२०१४ साली क्लाइन, व्हॅन द सॉम्पेल आणि सहकाऱ्यांनी प्लॉस वन या नियतकालिकात एक मोठी पाहणी छापली. त्यांना आढळलं की विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यक या क्षेत्रांतल्या दर पाच शोधनिबंधांपैकी एकात वेबवरचे संदर्भ सडलेले होते, म्हणजे एकतर दुवा मेलेला किंवा त्या पत्त्यावर आता वेगळंच काही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या दुव्यांचाही हार्वर्डच्या अभ्यासकांनी असाच शोध घेतला होता. त्यातल्या निम्म्या दुव्यांवर मूळ माहिती मिळत नव्हती. तेव्हा माझे ११ संदर्भ म्हणजे काही जगावेगळी गोष्ट नाही.

मी आता काय करते ते सांगते. पटलं तर घ्या.

पहिली गोष्ट, डेटा आधी बाहेर, मग बिल्डरमध्ये. प्रत्येक नोंदीला एक क्रमांक, फोटोच्या फाईलच्या नावात तोच क्रमांक आणि एका साध्या स्प्रेडशीटमध्ये क्रमांक, जागा, तारीख, फोटोचं नाव. बिल्डरमधला तक्ता त्या स्प्रेडशीटवरून भरायचा, उलट नाही. दोरी अशी आपल्याच हातात राहते. मग बिल्डर उद्या बंद झाला तरी गेलं ते फक्त दिसणं.

दुसरी, दर सहा महिन्यांनी तिन्ही प्रकारच्या प्रती घ्यायच्या: बिल्डर देईल ती एक्स्पोर्ट फाईल, सगळ्या तक्त्यांच्या सीएसव्ही, आणि वेबरेकॉर्डरसारख्या साधनाने केलेलं रेकॉर्डिंग. यातली एकही पुरेशी नाही, तिन्ही मिळून बऱ्यापैकी काम भागतं.

तिसरी, रंगीत तालीम. प्रत घेतल्यावर लॅबमधल्या दुसऱ्या संगणकावर, इंटरनेट बंद करून, ती उघडून बघायची. फोटो दिसले नाहीत तर समजा की तुमच्या प्रतीत फोटो नव्हते, फोटोंचे पत्ते होते. हे मला माझ्या स्वतःच्या ब्लॉगच्या एक्स्पोर्टवर कळलं, आणि बरं झालं लवकर कळलं.

चौथी, डोमेनचं नाव आणि त्याचे पैसे कुणा एका विद्यार्थ्याच्या कार्डावर ठेवू नका. विद्यार्थी जातोच. तो जाण्यासाठीच आलेला असतो.

पाचवी, ज्याचा संदर्भ लोक देणार आहेत ते संकेतस्थळावर ठेवून थांबू नका. झेनोडोसारख्या भांडारात ठेवा. ते सर्न चालवतं, २०१३ पासून आहे आणि प्रत्येक साठ्याला कायमचा डीओआय क्रमांक देतं. आणि दुसऱ्याच्या पानाचा संदर्भ देताना त्याच दिवशी वेबॅक मशीनवर ते पान साठवा, साठवलेली प्रत उघडून बघा आणि तिचाही पत्ता नोंदवा.

यातून 'बिल्डर वापरू नका' असा अर्थ काढू नका. ताईंना कोड येत नव्हता. बिल्डर नसता तर ते संकेतस्थळ झालंच नसतं आणि चार वर्षं आमच्यासारख्या कितीतरी जणांना सड्यांवर जायच्या आधी काय बघायचं ते कळलं नसतं. सोपेपणाची किंमत असते एवढंच. ती आधी माहीत असली तर ठरवून देता येते.

शेवटी माझ्या ११ संदर्भांचं काय झालं ते सांगते. ताईंनी हार्ड डिस्क पाठवली. फोटोंच्या फाईलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख आणि वेळ अजून होती. त्यांची शेतातली डायरी लॅबच्या कपाटात सापडली, पावसाने पानं फुगलेली. डायरीतल्या तारखा आणि फोटोंच्या तारखा जुळवत तीन आठवडे बसलो. सात नोंदी पक्क्या लागल्या. त्या आता झेनोडोवर आहेत, ताईंच्या नावाने. उरलेल्या चार नोंदी एकाच दिवशीच्या, दोन सड्यांवरच्या. त्या दिवशी कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लागलेलं होतं. कुठला फोटो कुठल्या सड्यावरचा, हे ताईंनाही आता आठवत नाही. त्या चार ओळी मी तक्त्यातून काढून टाकल्या.

यंदा पाऊस लागला की त्या दोन सड्यांवर पुन्हा जाणार आहे. स्प्रेडशीट आधीच तयार केलीय.